आत्याबाईचे उरलेले दात आणि गुळपट्टी

देवीदास गावंडे यांच्या तोंडून “मी करतो” हे दोन शब्द इतके चटकन निघतात की नेमकं काय करायचं आहे, हे त्यांना मागाहून कळतं. कॉलनीतला गणपती असो, कोणाच्या पोरीचं साक्षगंध असो, नाहीतर पाण्याच्या टाकीत पडलेलं मांजर असो; गावंडे साहेब हात वर करतात आणि मग घरी येऊन चपला न काढताच दिवाणखान्यात येरझाऱ्या घालतात. अमरावतीच्या ज्या सरकारी कार्यालयात ते वरिष्ठ लिपिक आहेत, तिथे मात्र हे शब्द त्यांनी आजवर कधी उच्चारलेले नाहीत. त्यामुळे नोकरी सुरळीत चालू आहे.

तर मे महिन्यातल्या एका सकाळी अकोल्याहून कुलदीपचा फोन आला. कुलदीप म्हणजे आत्याबाईंचा मुलगा, देवीदासरावांचा आतेभाऊ. त्याचा आवाज रडकुंडीला आलेला होता.

“दादा, आई आयकूनच नाही राह्यली. दाताची दाक्तर म्हणते, उरलेले सारे दात काढा लागते. हिरड्या सुजल्या, पू झाला, रोज संध्याकाळी ताप येते. अन् आई म्हणते, मी दात काढू देणार नाही.”

“काहून?”

“म्हणते, वहिनीच्या हातासारखी गुळपट्टी एक डाव आपल्या दातानं खाईन, मंग काढा.”

बाकीचा महाराष्ट्र जिला शेंगदाण्याची चिक्की म्हणतो तिला गावंड्यांच्या घरात गुळपट्टी म्हणतात. आत्याबाईंची वहिनी म्हणजे देवीदासरावांची आई. दर्यापूरच्या घरी ती हिवाळाभर गुळपट्टी करायची. ती गेली आणि गुळपट्टीही गेली. तिच्यामागे कोणी तो खटाटोप केला नाही. कुलदीपने अकोल्यातल्या साऱ्या दुकानांतली चिक्की आणून आईपुढे ठेवून पाहिली होती. आत्याबाईंनी एकीलाही तोंड लावलं नव्हतं. नुसतं बघून “हे दुकानातली आहे” म्हणायच्या आणि कूस बदलायच्या.

“काही खाते का?” देवीदासरावांनी विचारलं.

“दुधात पोळी कुस्करून देतो. तेही अर्धी ठेवते. दाक्तर म्हणते, सूज गळ्याकडे उतरली तं भरती करा लागीन.”

आत्याबाईंनी देवीदासरावांना लहानपणी कडेवर घेऊन अख्खं दर्यापूर फिरवलेलं. त्यांचा आता पोळीचा तुकडा गिळतानाचा चेहरा डोळ्यांसमोर आला. आणि देवीदासराव बोलून गेले, “मी करतो! आत्याबाईले सांग, देवीदास गुळपट्टी घेऊन येऊन राह्यला.”

फोन ठेवल्यावर ते येरझाऱ्या घालू लागले. गच्चीवर कुरड्या वाळत घालून कौशल्याबाई नुकत्याच खाली आल्या होत्या. नवऱ्याच्या पायात चपला पाहून त्यांनी ओळखलं.

“आता काय कबूल केलं?”

देवीदासरावांनी सांगितलं. कौशल्याबाई शांतपणे घाम पुसत राहिल्या.

“तुमी करणार? गुळपट्टी?”

“मंग? आईजवळ बसून कितीकदा पाह्यली आहे करताना.”

“पाह्यली का खाल्ली?”

“खायले बसलो तरी डोये उघडेच होते ना!”

“बरं. मंग करा. मी मधात पडणार नाही. विचाराल तं सांगीन, नाही विचाराल तं नाही सांगणार.”

हे शेवटचं वाक्य देवीदासरावांनी नीट ऐकलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण तोवर ते पिशवी घेऊन बाजाराकडे निघाले होते.

इतवाऱ्यातल्या किराणावाल्याने विचारलं, “कोणता गूळ देऊ भाऊ? साधा, चिक्कीचा, का सेंद्रिय?” प्रश्न अगदी साधा होता. उत्तर तर त्या प्रश्नातच होतं. पण देवीदासरावांना वाटलं, चिक्कीचा गूळ मागावा तर हा माणूस विचारणार, चिक्की कोण करतं, आणि मग भर दुकानात सांगावं लागणार. शिवाय “सेंद्रिय” हा शब्द ऐकायला भारदस्त होता. त्यांनी सेंद्रिय घेतला. दाणे घरचेच होते. गावाकडच्या भावकीतून नव्या उन्हाळी भुईमुगाचं पोतं आलेलं होतं. शेंगा ओलसर होत्या, पण ताजं ते चांगलंच, असा त्यांचा सर्वसाधारण समज होता.

पहिल्या दिवशी त्यांनी दाणे भाजले, सोलले, गूळ कढईत टाकला, विरघळल्याबरोबर दाणे ओतले आणि सगळं ताटात पसरवलं. संध्याकाळी ताट तिरपं केलं तर गुळपट्टी हळूहळू खालच्या बाजूला जायला निघाली. ताट सरळ केलं तर परत आली. दाणे रबरासारखे चिवट लागत होते. तेवढ्यात शेजारच्या शालूताई विरजण मागायला आल्या आणि त्यांनी चमचा मागवून ती गुळपट्टी मनापासून खाल्ली.

“भाऊजी, हलवा मस्त झाला. तूप थोडं कमी पडलं, बाकी मस्त.”

देवीदासरावांनी ताट उचलून आत नेलं. आयुष्यात पहिल्यांदा केलेल्या पदार्थाचं कौतुक व्हावं आणि ते भलत्याच पदार्थाच्या नावाने व्हावं, ह्यासारखा अपमान नाही.

गुळपट्टी चालू आहे ही बातमी शालूताईंना कळली म्हणजे ती कॉलनीला कळली. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसला निघताना देवीदासरावांना फाटकापाशीच तीन जणांनी अडवलं. एकाने सोडा टाका म्हणून सांगितलं, दुसऱ्याने सोडा मुळीच टाकू नका म्हणून बजावलं आणि तिसऱ्याने, तुमच्या बाथरूमचा नळ कोणत्या प्लंबरकडून बसवला, हे विचारलं. शालूताईंनी मोबाईलवर एका बाईचा व्हिडिओ दाखवला. ती बाई ज्या स्वयंपाकघरात चिक्की करत होती ते देवीदासरावांच्या अख्ख्या घराएवढं होतं, आणि तिला घाम येत नव्हता. अमरावतीत मे महिन्यात घाम न येणाऱ्या माणसाचं काय म्हणून ऐकायचं?

खरी मदत केली ती तायडे सरांनी, म्हणजे तसं त्यांचं मत आहे. धर्मपाल तायडे हे रसायनशास्त्राचे निवृत्त शिक्षक. ते संध्याकाळी प्रयोगशाळेतला एक लांबलचक थर्मामीटर घेऊन आले.

“गावंडे साहेब, तुमी गूळच चुकवला. ह्याले चिक्कीचाच गूळ लागते. अन् स्वयंपाक म्हणजे शेवटी रसायनशास्त्र आहे. पाकाचं तापमान एकदा बरोबर पकडलं का गुळपट्टी कोठी जाते!”

देवीदासराव चिक्कीचा गूळ घेऊन आले. दाणे ह्यावेळी दिवसभर उन्हात तापवलेले होते. पाक उकळायला लागला तसा तायडे सरांनी थर्मामीटर बुडवला आणि उकळणं म्हणजे काय, ह्यावर बोलायला सुरुवात केली. वाफेने काच धुरकटली. सरांनी ती रुमालाने पुसली. आकडे दिसेनात म्हणून चष्मा आणायला घरी गेले. परत आले ते दुसऱ्या चष्म्याची हकिगत सांगत आले. देवीदासराव माना डोलवत राहिले, कारण शिक्षक बोलत असताना मध्येच “सर, धूर” असं म्हणायची त्यांची शाळेपासून हिंमत नव्हती. तापमान बरोबर आलं तेव्हा कढईत पाक उरला नव्हता. जे उरलं होतं ते काळं होतं आणि कढईपासून वेगळं व्हायला तयार नव्हतं. घाईघाईत कढई उतरवताना देवीदासरावांचा उजवा अंगठा त्या काळ्या गोळ्याला चिकटला आणि टरारून फोड आला.

“तापमान मात्र बरोबर होतं,” तायडे सर जाताना म्हणाले.

तेवढ्यात कुलदीपचा फोन. “दादा, झाली का?”

“होऊनच राह्यली,” देवीदासराव अंगठा पाण्यात बुडवून म्हणाले.

तिसऱ्या दिवशी पाकाला पहिली उकळी आली आणि गॅस गेला. दुसरं सिलिंडर रिकामंच होतं. मोबाईलवरून नंबर लावायला गेले तर केवायसी झालेली नाही, असा निरोप आला. देवीदासराव भर दुपारी डोक्याला दुपट्टा गुंडाळून एजन्सीत गेले. तिथल्या मुलीने एक छोटं यंत्र पुढे सरकवलं आणि अंगठा ठेवायला सांगितलं. देवीदासरावांनी फोड आलेला अंगठा ठेवला. यंत्राने लाल दिवा दाखवला. पुसून ठेवला, लाल. फुंकर मारून ठेवला, लाल.

“काका, हा अंगठा तुमचा नाही दाखवून राह्यला,” मुलगी म्हणाली.

“मंग कोणाचा आहे?”

“ते मशीन सांगत नाही.”

इतकी वर्षं ह्याच पद्धतीची उत्तरं ते स्वतः खिडकीच्या आतल्या बाजूने देत आले होते. बाहेरच्या बाजूने ती इतकी चीड आणतात, ही त्यांच्यासाठी नवी माहिती होती. त्यांनी साहेबाला भेटायचं म्हटलं. साहेब जेवायला गेले होते. बोट चालतं का विचारलं. बोटांवर गूळ आणि सोललेली कातडी असं काही बाही होतं, तेही चाललं नाही. शेवटी त्या मुलीने मोबाईल त्यांच्या तोंडासमोर धरला आणि चेहऱ्याने होतं का बघू म्हणाली. पहिल्या दोन वेळा चेहराही जुळला नाही. मग आत्याबाई तिकडे तापाने फणफणल्या असतील आणि आपण इथे पंख्याखाली उभे राहून स्वतःला सिद्ध करतो आहोत, ह्या विचाराने त्यांचं तोंड असं काही उतरलं की आधार कार्डावरच्या फोटोशी ते तंतोतंत जुळलं. हिरवा दिवा लागला.

सिलिंडर आलं. आणि खरं सांगायचं तर त्यानंतरची गुळपट्टी जमली. देवीदासरावांनी थर्मामीटर, व्हिडिओ, सोडा सगळं बाजूला ठेवलं आणि आई करायची ते आठवलं. आई वाटीत पाणी घेऊन बसायची, पाकाचा थेंब त्यात टाकायची आणि तो बोटांनी मोडायची. कट आवाज आला की दाणे. त्यांनी थेंब टाकला, वाकला. परत टाकला, ताणला. परत टाकला आणि कट! देवीदासरावांनी दाणे ओतले, तूप लावलेल्या ताटात पसरले, वाटीच्या बुडाने दाबले आणि सुरीने चौकोन पाडले. सोनेरी रंग आला होता. त्यांचे डोळे भरून आले. कौशल्याबाईंनी दारातून डोकावून पाहिलं आणि “चांगली दिसते” एवढंच म्हटलं.

आता ती लवकर गार व्हायला हवी होती. संध्याकाळची अकोल्याची बस गाठायची तर थांबायला वेळ नव्हता. आणि वऱ्हाडी माणसाला मे महिन्यात कोणतीही गोष्ट गार करायची असली की एकच उपाय सुचतो. ह्या भागात होळी झाली की घराचा कर्ता पुरुष म्हणजे कूलर. जेवण त्याच्यासमोर, पाहुणे त्याच्यासमोर, भांडणं त्याच्यासमोर. देवीदासरावांनी दिवाणखान्यातल्या कूलरच्या टाकीत काठोकाठ पाणी भरलं, वाळ्याच्या ताट्या ओल्या केल्या, स्टूल ओढून ताट त्याच्या अगदी तोंडापाशी ठेवलं आणि बटण पूर्ण फिरवलं. थंडगार ओला झोत गुळपट्टीवर सुटला.

थोड्या वेळाने त्यांनी एक चौकोन मोडून पाहिला. कडकडीत! त्यांनी तिथूनच फोन लावला.

“कुलदीप, आत्याबाईले दे फोन. आत्याबाई, झाली!”

पलीकडे पलंग करकरला.

“झाली?” आत्याबाईंचा बारीक आवाज आला. “एवढ्या लवकर?”

“हाव! येऊनच राह्यलो.”

“घाई नोको करू बाप्पा. ऊन लय आहे.”

देवीदासरावांना ह्यात फक्त माया ऐकू आली. ते आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, डबा घेऊन कूलरपाशी आले. ताटातल्या गुळपट्टीला घाम फुटला होता. वरून ती चकचकीत ओली दिसत होती. चौकोन उचलला तर त्याच्याबरोबर शेजारचा आला, त्याच्याबरोबर त्याच्या शेजारचा, आणि शेवटी अख्खं ताट हातात लोंबकळलं. देवीदासरावांनी रिकामा डबा ठेवला आणि आज येणं होत नाही म्हणून कुलदीपला कळवलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी परत केली. परत कट आवाज आला, परत सोनेरी रंग आला, परत कूलरसमोर ठेवली आणि परत तिला घाम फुटला. तायडे सरांनी एक तुकडा कागदात बांधून नेला आणि गुळात भेसळ असल्याचा निर्वाळा दिला. शालूताईंचं म्हणणं पडलं की कॉलनीत सगळ्यांना दाखवत बसल्यामुळे नजर लागली. त्यांनी स्वतः मीठ-मिरच्या आणून ताटावरून उतरवल्या आणि गॅसच्या आचेवर टाकल्या. त्या ठसक्याने तायडे सर खोकत घरी गेले. देवीदासराव किराणावाल्याशी भांडून आले. किराणावाल्याने त्यांच्यासमोर गुळाचा खडा तोंडात टाकला आणि म्हणाला, “भाऊ, गूळ तं एक नंबर आहे. तुमीच काहीतरी करून राह्यले.”

ऑफिसात तर निराळीच तऱ्हा. त्यांनी रजेचा अर्ज टाकला होता, “आत्याच्या दातांनिमित्त.” साहेबांनी तो परत पाठवला. आत्या ही कुटुंबाच्या व्याख्येत बसत नाही आणि दात हे निमित्त होऊ शकत नाही, असं त्यावर लाल शाईत लिहिलं होतं. हा शेरा त्या भाषेत साहेबांना शिकवणारे देवीदासरावच होते.

कुलदीपचा फोन आता दिवसातून दोनदा येऊ लागला होता. “दादा, गाल लाल झाला. काल तिनं पाणीही वाकडं तोंड करून पेलं. दाक्तरची तारीख दोनदा बदलली, उद्याची शेवटची आहे. मंग थे सुट्टीवर जाते. मी आईले म्हटलं, दादा नाही आणत गुळपट्टी, तू चाल. तं म्हणते, देवीदासानं कबूल केलं आहे, थो आणीन.”

हे ऐकून देवीदासराव ओट्याला टेकून उभे राहिले. आपल्या एका “मी करतो” पायी एक म्हातारी बाई दुखत्या गालावर हात ठेवून आठवडाभर वाट बघते आहे, हे त्यांना सहन होईना. कौशल्याबाई गच्चीवरून कुरड्यांचा डबा घेऊन आल्या. दिवाणखाना ओलांडताना त्यांनी डब्यावर झाकण घट्ट दाबलं आणि झपझप आतल्या खोलीत गेल्या. देवीदासराव त्यांच्याकडे बघत राहिले.

“कौशल्या,” ते म्हणाले, आणि हे म्हणायला त्यांना फार जड गेलं, “माह्यं काय चुकते?”

कौशल्याबाईंनी डबा खाली ठेवला. “विचारलं एकदाचं! अवो, कूलरसमोर पापड ठेवते का कोणी? कुरडी ठेवते का? ओल्या हवेत लाकडाचं दार फुगते, तं गूळ नाही पाणी ओढणार?”

“मंग पहिल्या दिवशी काहून नाही सांगितलं?”

“तुमी तायडे सरले विचारलं, शालूले विचारलं, गॅसच्या पोरीले विचारलं. मले कोणी विचारलं?”

देवीदासराव ओट्यापाशी थोडे बाजूला सरकले. त्यांनी कढई चढवली. ह्यावेळी कौशल्याबाई शेजारी उभ्या राहिल्या. थेंब कट मोडला, दाणे पडले, ताट भरलं. मग घरातला कूलर बंद झाला, पंखेही बंद झाले. अमरावतीच्या उन्हाळ्यात पंखा बंद करून दोन माणसं एका ताटाकडे बघत बसली. देवीदासरावांच्या बनियनमधून धारा लागल्या होत्या. मधूनमधून ते उठायचे, ताटाभोवती फिरायचे आणि परत बसायचे. गुळपट्टी मात्र कोरडी ठणठणीत राहिली. स्टीलच्या डब्यात भरून, झाकणावर चिकटपट्टी लावून, वरून प्लास्टिकच्या पिशव्या गुंडाळून ती तयार झाली.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या बसने दोघं अकोल्याला निघाले. रजेचं काय झालं ते विचारू नका. मूर्तिजापूरपर्यंत देवीदासरावांनी डबा मांडीवरून हलवला नाही. शेजारच्या माणसाने खिडकी उघडी ठेवू का विचारलं तर “हवा ओली आहे का?” म्हणून त्यालाच विचारलं. तो बिचारा उठून मागे जाऊन बसला.

आत्याबाईंच्या घरात शिरल्याबरोबर देवीदासरावांनी पहिलं काम केलं ते धडधडणारा कूलर बंद करण्याचं. कुलदीपची बायको आतून ओरडली, पण त्यांनी लक्ष दिलं नाही. आत्याबाई पलंगावर बसल्या होत्या. गाल खरंच लाल झाला होता आणि तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. केवढीशी दिसत होती म्हातारी. देवीदासरावांनी चिकटपट्टी ओरबाडून काढली आणि डबा पुढे केला.

आत्याबाईंनी एक चौकोन उचलला, उजेडात धरला, वास घेतला. मग तोंडाच्या बऱ्या बाजूला नेला आणि उरलेल्या दातांनी चावला. कुडुम आवाज आला. त्या डोळे मिटून चावत राहिल्या. कुलदीप, त्याची बायको, कौशल्याबाई, देवीदासराव, सगळे त्यांच्या जबड्याकडे बघत होते. बऱ्याच वेळाने त्यांनी घास गिळला.

“इलायची नाही याच्यात,” त्या म्हणाल्या. “वहिनी इलायची टाके. परत करून आण.”

देवीदासरावांचं तोंड पडलं. अंगठा भाजला, गॅस गेला, साहेबांचा लाल शेरा पडला आणि आता इलायची! त्यांना ओरडावंसं वाटलं. आई इलायची टाकत नव्हती. तिला इलायचीचा वास सहन होत नव्हता. चहात पडली तरी कप बाजूला सारायची. हे आत्याबाईंना ठाऊक नाही? दोघी नणंद-भावजया एका चुलीवरचा चहा पीत आल्या. देवीदासराव बोलायला गेले आणि त्यांची नजर आत्याबाईंच्या हातावर गेली. अर्धा उरलेला चौकोन त्यांनी मुठीत घट्ट धरून ठेवला होता. दुकानातली चिक्की न चाखता परत करणं, घाई नको करू म्हणणं, तारखा बदलणं, ह्या सगळ्याचा त्यांना एकदम उलगडा झाला. म्हातारी गुळपट्टीची वाट बघत नव्हती. गुळपट्टी होऊ नये अशी वाट बघत होती.

ते पलंगावर त्यांच्या शेजारी बसले.

“आत्याबाई, भेव लागते का?”

आत्याबाईंनी चौकोन डब्यात ठेवला. “माह्या साऱ्या लेकरायचं बाळंतपण घरी झालं,” त्या म्हणाल्या. “दवाखान्याच्या खुर्चीवर मी कधी बसली नाही. थे पोरगी तोंडात चिमटा घालते म्हणते. तुले नाही लागणार भेव?”

“मले तं लय लागते. आतापासूनच लागून राह्यलं.”

“मंग?”

“मंग काय. मी येतो संग. आत बसतो, बाहेर नाही.”

आत्याबाईंनी त्यांच्याकडे बघितलं, पदराने तोंड पुसलं आणि डबा उचलला. “हे डबा पण घे संग,” म्हणाल्या.

दाताच्या डॉक्टर पौर्णिमा ही तिशीतली, चटपटीत आणि सकाळपासून चार जणांवर ओरडलेली मुलगी होती. आत्याबाईंना पाहून तिने हात जोडले. “आल्या एकदाच्या आजी! बसा. आज पुढचे दोन काढू, बाकीचे मग. तोंड उघडा.”

आत्याबाई खुर्चीवर बसल्या आणि तोंड घट्ट मिटून घेतलं. बाजूला उभ्या देवीदासरावांनी खुर्चीचा हात धरून ठेवला. डॉक्टरने समजावलं, कुलदीपने हात जोडले. शेवटी आत्याबाईंनी डबा पुढे केला.

“पहिले हे खा. माह्या भाच्यानं केली. तू तोंड उघड, मंग मी उघडीन.”

“आजी, मी पेशंटना हेच खाऊ नका म्हणून सांगते!”

“मंग मी चालली घरी.”

डॉक्टरने घड्याळाकडे बघितलं, बाहेर बसलेल्या रांगेकडे बघितलं, मास्क खाली ओढला आणि एक चौकोन तोंडात टाकला. कुडुम. ती दोनदा चावली. “छान झालीय,” म्हणाली आणि मग एकाएकी थांबली. तिने गालावर हात ठेवला. तोंडातून गुळपट्टीचा तुकडा बाहेर काढला. त्यात दातावर बसवायची एक पांढरी टोपी घट्ट रुतून बसली होती.

“माझी कॅप,” डॉक्टर म्हणाली. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

आत्याबाईंनी डब्याचं झाकण लावलं. देवीदासरावांना आता पोलीस येणार असं वाटू लागलं. कुलदीप हळूच म्हणाला, “बसवून घ्या ना मॅडम. समोरच दुसरे दाक्तर आहे.”

“मी नाही जाणार त्यांच्याकडे,” डॉक्टर गाल धरून म्हणाली. “ते फार दुखवतात.”

हे ऐकून आत्याबाई खुर्चीवरून उतरल्या. त्यांनी डॉक्टरच्या दंडाला धरून तिलाच खुर्चीवर बसवलं, वरचा दिवा ओढला आणि हनुवटी धरून म्हणाल्या, “आ कर. दाखव.” डॉक्टरने निमूटपणे तोंड उघडलं. आत्याबाईंनी नीट आत वाकून पाहिलं.

“हॅत्, हे तं काहीच नाही. एवढीशी जागा आहे. एवढी शिकली अन् कायले भेतं? मले पाह्य, माह्या तोंडात तं सारंच पडलं आहे.” मग त्यांनी तिच्या केसांवरून हात फिरवला. “तुह्यं झाल्यावर मी येईन तुह्यासंग त्या समोरच्याकडे. तो दुखवतो म्हणते ना, पाहीनच मी त्याले.”

डॉक्टर हसली आणि रडलीही. उठून तिने त्या जागी कापसाचा बोळा ठेवला, तोंड धुतलं, नवे हातमोजे चढवले. आत्याबाई आपण होऊन खुर्चीवर चढल्या, पदर नीट केला, एक हात देवीदासरावांकडे दिला आणि मोठा आ केला. देवीदासरावांनी डोळे मिटून घेतले. डॉक्टर एका हाताने स्वतःचा गाल सांभाळत वाकली.

“आजी, दुखलं तर सांगा हं.”

“हाव,” आत्याबाई म्हणाल्या. “अन् तुले दुखलं तं तू सांग.”